जुन्या व्हिडिओ गेमचा बाजार : वस्तू जुनी म्हणून महाग होत नाही

११ जुलै २०२१ रोजी अमेरिकेतील एका लिलावात 'सुपर मारिओ ६४' या व्हिडिओ गेमचा एक सीलबंद डबा १५ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. अशा बातम्या वाचल्या की मोबाईल दुरुस्ती करणारे, टीव्ही-रेडिओचे जुने मिस्त्री, भंगाराचा धंदा करणारे आणि आखातातून परतलेले आपले बंधू दोन प्रश्न विचारतात. आमच्या माळ्यावर एक जुनी गेमची कॅसेट पडली आहे, तिचे किती येतील, हा पहिला. दुसरा त्याहून गंभीर. भिशीचे किंवा दुकानाचे पैसे या मालात घालावेत काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत 'काही नाही' असे आहे आणि दुसऱ्याचे 'नको' असे आहे. परंतु एवढ्यावर समाधान होणार नाही. या धंद्याचा इतिहास पाहिला तर मालाची किंमत कशाने वाढते आणि कशाने मातीमोल होते हे समजते, आणि ते किराणा, कापड वा फर्निचरच्या व्यापाऱ्यालाही उपयोगी आहे. (गेम खेळणे कितपत योग्य, हा विषय उलेमांचा आहे. येथे आपण त्या मालाच्या खरेदी-विक्रीपुरते बोलत आहोत.)

भरभराट आणि दिवाळे

अटारी ही कंपनी १९७२ मध्ये नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी अमेरिकेत काढली. 'पाँग' नावाचा चेंडूफळीसारखा साधा खेळ त्यांनी त्याच वर्षी बाजारात आणला आणि तो चालला. १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्स या मोठ्या कंपनीने अटारी २ कोटी ८० लाख डॉलरला विकत घेतली. पुढच्याच वर्षी घरच्या टीव्हीला जोडण्याचे यंत्र आले. त्यात कार्ट्रिज, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'कॅसेट' म्हणत ती, बदलली की खेळ बदलत असे. यंत्र एकदाच विकायचे आणि कॅसेटी वर्षानुवर्षे विकत राहायच्या, असा हा हिशेब होता.

हे खेळ बनवणारे कारागीर मात्र पगारी नोकर होते. एकेका माणसाने महिनोन्‌महिने बसून केलेला खेळ कोट्यवधींची विक्री करी, पण डब्यावर त्याचे नाव नसे आणि नफ्यात वाटा नसे. वॉरन रॉबिनेट नावाच्या कारागिराने 'ॲडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली करून तिथे आपले नाव लपवून ठेवले. इतर चौघांनी वेगळा मार्ग धरला. डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन यांनी १९७९ मध्ये अटारी सोडून जिम लेव्ही यांच्यासोबत ॲक्टिव्हिजन ही स्वतंत्र कंपनी काढली. तिथे कारागिराचे नाव मालावर छापले जाऊ लागले. अटारीने त्यांच्यावर दावा लावला, तो १९८२ मध्ये तडजोडीने मिटला. पण त्यामुळे अटारीच्या यंत्रासाठी कोणीही कॅसेट बनवू शकतो हे सगळ्यांना कळून चुकले. मालकाने कारागिराचे नाव आणि थोडा वाटा वेळीच दिला असता तर तो दरवाजा इतक्या लवकर उघडला नसता, असे मला वाटते.

त्यानंतर ज्याला-त्याला या धंद्यात उतरायचे होते. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेसुद्धा व्हिडिओ गेमची शाखा उघडली! निकृष्ट मालाचा बाजारात पूर आला. अटारी स्वतःही मागे नव्हती. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई.टी.' चित्रपट १९८२ मध्ये गाजला तेव्हा त्यावरील खेळाचे हक्क दोन कोटी डॉलरच्या वर रक्कम मोजून घेण्यात आले, आणि सुटीच्या हंगामात माल दुकानात पोहोचावा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या कारागिराला तो खेळ अवघ्या पाच आठवड्यांत करावा लागला. एरवी अशा कामाला सहा-सात महिने लागत. सुमारे ४० लाख कॅसेटी तयार झाल्या. त्यांतील बहुतेक एकतर विकल्याच गेल्या नाहीत किंवा परत आल्या.

दुकानदारांची स्थिती काय झाली ते आपल्या व्यापाऱ्यांनी लक्षात घ्यावे. न खपलेला माल परत घेऊ, असा शब्द लहान कंपन्यांनी दिला होता. पण माल परत न्यायला गेले तेव्हा कंपनीकडे ना रोकड होती ना बदली माल. १९८२ च्या अखेरीस टेक्सासमधील एक कंपनी दिवाळखोरीत गेली, मग एकेक करून इतर गेल्या. परतीची हमी देणाराच बुडाला तर हमी कोणाकडे वटवायची? अंगावर पडलेला माल दुकानदारांनी टोपल्यांत टाकून पस्तीस डॉलरच्या जागी पाच डॉलरला काढला. पाच डॉलरला ढीग मिळत असताना पस्तीस डॉलरचा नवा, चांगला खेळ कोण घेणार? अशा रीतीने चांगला मालही मेला. १९८३ मध्ये वॉर्नरला अटारीपायी ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमची वार्षिक उलाढाल सुमारे तीन अब्ज डॉलरवरून दोनच वर्षांत दहा कोटींच्या आसपास आली.

हा बाजार परत उभा केला तो जपानच्या निन्टेन्डो कंपनीने. ही कंपनी १८८९ मध्ये क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी हाताने बनवलेले 'हानाफुडा' पत्ते विकण्यासाठी काढली होती. १९८५ मध्ये निन्टेन्डोचे लोक न्यूयॉर्कच्या दुकानांत गेले तेव्हा 'व्हिडिओ गेम' हा शब्दही दुकानदारांना नकोसा झाला होता. निन्टेन्डोने माल जाकडावर दिला. विकेल तेवढ्याचे पैसे द्या, उरलेला आम्ही परत नेऊ. या वेळी हमी देणाऱ्याच्या अंगात ती पाळण्याची ताकद होती. शिवाय यंत्रात एक चिप बसवली, जेणेकरून परवानगीशिवाय बनवलेली कॅसेट चालू नये, आणि दुसऱ्या कंपन्यांना वर्षाला पाचपेक्षा जास्त खेळ काढण्यास मनाई केली. अटी जाचक होत्या, पण बाजारातील मालाचा पूर थांबला.

कचऱ्यातून निघालेला माल

सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न खपलेला माल ट्रक भरभरून न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो या गावाच्या कचरा डेपोत नेऊन पुरला आणि वर काँक्रीट ओतले. लोक याला दंतकथा समजत. २६ एप्रिल २०१४ रोजी एका माहितीपट तयार करणाऱ्या मंडळींनी गावाच्या परवानगीने तो डेपो खणला आणि माल खरोखरच निघाला. सात लाखांहून अधिक कॅसेटी तिथे पुरल्याचे अटारीच्या जुन्या अधिकाऱ्याने सांगितले. त्यांपैकी तेराशेच्या आसपास बाहेर काढण्यात आल्या.

आता हिशेब पाहा. गावच्या नगरपालिकेने ८८१ कॅसेटी इंटरनेटवरील लिलावात विकल्या आणि १ लाख ७ हजार डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. 'ई.टी.'ची एक प्रत तर दीड हजार डॉलरच्या वर गेली. त्याच 'ई.टी.'ची स्वच्छ, चालू स्थितीतील सुटी कॅसेट अमेरिकेत काही थोड्या डॉलरला मिळते, कारण लाखो लोकांच्या घरांत ती आहे. म्हणजे चिरडलेली, वास मारणारी, चालेल की नाही याची खात्री नसलेली वस्तू चांगल्या वस्तूपेक्षा शंभर पटींनी महाग विकली गेली. कारण काय? प्रत्येक नगासोबत नगरपालिकेची खूण व दाखला होता की हा माल त्याच खड्ड्यातून निघालेला आहे. लोकांनी कॅसेट नव्हे, तो पुरावा विकत घेतला.

दुर्मीळ कशाला म्हणावे

संग्राहक ज्याला दुर्मीळ म्हणतात तो माल मुळातच कमी निघालेला असतो. निन्टेन्डोने १९९० मध्ये अमेरिकेत एक मोठी स्पर्धा भरवली आणि अंतिम फेरीतील खेळाडूंना त्या स्पर्धेच्या राखाडी कॅसेटी दिल्या, त्या ९० होत्या. आणखी २६ सोनेरी कॅसेटी एका मासिकाच्या बक्षीस योजनेतून वाटल्या गेल्या. दुकानात त्या कधी आल्याच नाहीत. त्यामुळे फाटके लेबल असलेली राखाडी कॅसेटही हजारो डॉलरला जाते.

दुसरे उदाहरण 'स्टेडियम इव्हेंट्स' या १९८७ च्या खेळाचे. बांदाई कंपनीने हा खेळ पायाने दाबण्याच्या चटईसह अमेरिकेत आणला. लगेच निन्टेन्डोने त्या चटईचे हक्क घेतले, बाजारातील माल मागे घेतला आणि तोच खेळ दुसऱ्या नावाने काढला. जुन्या नावाच्या फार तर दोनशेच्या आसपास प्रती ग्राहकांच्या हाती गेल्या असाव्यात, असे जाणकार मानतात. दुसऱ्या नावाचा तोच खेळ आजही स्वस्त आहे. खेळ एक, यंत्र एक, फरक फक्त लेबलावरील नावाचा. ज्याला हा फरक ठाऊक नाही तो या धंद्यात एक तर फसतो किंवा नकळत दुसऱ्याला फसवतो.

आपल्याकडच्या कॅसेटी

नव्वदच्या दशकात मुंबईच्या मनीष मार्केट व मुसाफिरखान्यातून 'टीव्ही गेम' म्हणून जी यंत्रे घरोघरी गेली ती बहुतांशी निन्टेन्डोच्या जपानी यंत्राच्या नकला होत्या. 'एकात शंभर', 'एकात नऊ लाख' असे लिहिलेल्या पिवळ्या-काळ्या कॅसेटीही तशाच. अशी कॅसेट उघडली तर आत बहुधा चिपऐवजी काळ्या डांबरासारखा गोळा चिकटवलेला दिसतो. लहानपणीची आठवण म्हणून कोणी हौशी माणूस शे-दोनशे रुपये देईल, पण तिला दुर्मीळ म्हणता येणार नाही. अशा नकली प्रती 'ओरिजिनल' म्हणून विकणे हा दगा आहेच, शिवाय हक्कभंग झालेल्या प्रती विकणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली गुन्हाही आहे. बाजारात सगळे विकतात, हा बचाव कोर्टात चालत नाही आणि त्याच्या पुढच्या दरबारातही चालणार नाही.

जपानी कॅसेटीला ६० पट्ट्या असतात आणि अमेरिका-युरोपच्या निन्टेन्डो कॅसेटीला ७२. आपल्याकडील नकला साठवाल्या. पण अस्सल जपानी कॅसेटही साठचीच असते, म्हणून नुसत्या पट्ट्या मोजून निकाल लावू नये.

कोकणातील आपल्या ज्या घरांतून माणसे कुवेत, सौदी, दुबईला गेली त्यांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कुवेतच्या अल-आलमिया कंपनीने 'सख्र' या नावाने ऐंशीच्या दशकात अरबी अक्षरांचा कीबोर्ड असलेले घरगुती संगणक विकले. त्यावर कॅसेट घालून खेळही खेळता येत आणि अरबी शिकवणारे कार्यक्रमही चालत. पुढे त्यांच्या 'एएक्स-९९०' या मॉडेलमध्ये संगणक आणि सेगाचे गेम-यंत्र एकाच डब्यात होते. जगभरच्या संग्राहकांना या अरबी यंत्रांविषयी उत्सुकता आहे. अशी वस्तू कोणाच्या कपाटात असेल तर ती भंगारात देण्यापूर्वी डबा, माहितीपुस्तक आणि खरेदीची पावती शोधून एकत्र ठेवावी. आतील वायरी स्वतः उपटू नयेत.

मिस्त्रीचे काम

या बाजारात कायमची रोजी कोणाला असेल तर ती दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला. लिलावाचा भाव वर-खाली होतो, पण बिघडलेले यंत्र कोणाला तरी दुरुस्त करावेच लागते. अस्सल निन्टेन्डो कॅसेट उघडण्यास ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो. आत हिरव्या पट्टीवर कंपनीचे नाव व साल छापलेले असते आणि झाळकाम एकसारखे असते. पट्ट्या काळवंडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल व कापसाने पुसाव्यात. आपण सगळे लहानपणी कॅसेटीत फुंकर मारत होतो. तोंडाच्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात, म्हणून तो उपाय आता सोडावा. ज्या खेळांत प्रगती जतन होते, उदाहरणार्थ १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या सोनेरी 'झेल्डा' कॅसेटीत, आत नाण्याएवढी बॅटरी झाळलेली असते. ती आता संपलेली असण्याचाच संभव अधिक. सेगाच्या 'गेम गियर' या हातातील यंत्राचे कपॅसिटर गळतात आणि आतील तांबे खातात. ते बदलल्याशिवाय आवाज व चित्र नीट येत नाही. पांढरे प्लास्टिक पिवळे पडते ते त्यातील ब्रोमीनयुक्त अग्निरोधकामुळे, असे मानले जाते. हायड्रोजन पेरॉक्साइड व उन्हाने ते उजळते, पण काही वर्षांनी पुन्हा पिवळे पडू शकते.

हे सर्व काम जायज आहे. प्रश्न विकताना येतो. बॅटरी बदलली, कपॅसिटर नवे घातले, प्लास्टिक उजळले, लेबल नवे छापून लावले, हे गिऱ्हाइकाला सांगायचे की नाही? प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना एका धान्याच्या ढिगाजवळ थांबले, त्यात हात घातला तेव्हा आतील धान्य ओले लागले. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी विचारले की मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले. पाऊस पडला हा त्या व्यापाऱ्याचा दोष नव्हता. दोष झाकण्याचा होता. तद्वतच बॅटरी बदलणे हा दोष नाही. बिलावर 'बॅटरी नवीन, लेबल मूळ, डबा नाही' असे चार शब्द लिहिले की काम झाले. अशा बिलाने माल कमी भावात जातो अशी भीती कारागिरांना वाटते. प्रत्यक्षात लांबचा गिऱ्हाईक याच चार शब्दांवर विश्वास ठेवून पुढची ऑर्डर देतो.

आठ डॉलर आणि पंचवीस हजार

२०१३ मध्ये अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात एका महिलेला जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात 'स्टेडियम इव्हेंट्स'ची प्रत आठ डॉलरला मिळाली आणि पुढे ती २५ हजार डॉलरला गेली. वर्तमानपत्रांनी तिला नशीबवान ठरवले. आपण तिच्या जागी असतो तर? किंवा आपल्याच गल्लीतील एखादी विधवा बहीण मुलाच्या जुन्या खेळण्यांचे खोके घेऊन दुकानावर आली, 'भाईजान, याचे काय द्याल' म्हणाली, आणि त्या खोक्यातील एका वस्तूची किंमत फक्त आपल्याला ठाऊक असली तर?

गावाबाहेर जाऊन, बाजारभाव माहीत नसलेल्या काफिल्याकडून माल घेण्यास प्रेषितांनी मनाई केली होती. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची हकीकत तर याहून बोलकी आहे. त्यांच्यासाठी एक घोडा तीनशे दिरहमला ठरवण्यात आला. घोडा पाहिल्यावर त्यांनी मालकाला सांगितले की याची किंमत जास्त आहे, आणि स्वतःच वाढवत वाढवत आठशे दिरहम दिले. कारण विचारले तेव्हा म्हणाले की प्रत्येक मुसलमानाचे हित पाहण्याची बैअत मी केली आहे. धर्मादाय दुकानातून छापील किमतीला वस्तू घेणे आणि घरी आलेल्या अडाणी माणसाकडून जाणूनबुजून कवडीमोलात घेणे यांत फरक आहे, हे मी मान्य करतो. पण दुसऱ्या बाबतीत माझ्या मते एकच मार्ग उरतो. बहिणीला खरा भाव सांगावा आणि विकून देण्याची दलाली आधी ठरवून घ्यावी. दलाली हलाल आहे, आणि अशा कामात ती चांगलीच सुटते.

सीलबंद डब्यात पैसे घालावेत काय

आता लेखाच्या आरंभीच्या लिलावाकडे येऊ. 'सुपर मारिओ ६४' हा खेळ १९९६ चा आणि त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. तो दुर्मीळ नाही. दुर्मीळ होता तो त्या एका डब्याचा जवळजवळ निर्दोष सीलबंदपणा, आणि तसा दाखला एका खासगी कंपनीने दहापैकी ९.८ गुण देऊन दिला होता. पुढे २०२२ मध्ये दाखला देणाऱ्या त्या कंपनीविरुद्ध अमेरिकेतील ग्राहकांनी बाजार फुगवल्याचा आरोप करत दावा दाखल केला. आरोपांचा निकाल काहीही लागो, त्यानंतर सीलबंद खेळांचे भाव उतरले आणि शिखरावर घेतलेल्यांचे पैसे अडकले.

सीलबंद मालाची मुळातली अडचण अशी की आत काय आहे ते कोणी पाहू शकत नाही, कारण पाहिले की किंमत गेली. पारदर्शक कागद पुन्हा गुंडाळून नवे सील करणारे आहेत. २०२२ मध्येच संगणकाच्या जुन्या खेळांच्या संग्राहकांत खळबळ उडाली होती. वर्षानुवर्षे विश्वासू समजल्या गेलेल्या एका सदस्याकडून गेलेले डबे बनावट असल्याचा आरोप इतर संग्राहकांनी केला. डबे कपाटात शोभेला ठेवलेले, त्यामुळे कित्येक वर्षे कोणी लेबल आणि फ्लॉपी तपासलीच नव्हती. शरीअतने माल पाहून घेण्याचा आणि ऐब निघाल्यास परत करण्याचा जो हक्क गिऱ्हाइकाला दिला आहे, तो या मालात वापरताच येत नाही. त्यातच लिलावात खरेदीचा इरादा नसताना भाव चढवण्यासाठी बोली लावणे, ज्याला 'नज्श' म्हणतात, ते हदीसने मना केले आहे, आणि पडद्याआड चाललेल्या लिलावात अशी बोली ओळखणे आपल्या हातात नाही.

म्हणून भिशीचा, हजच्या पैशांचा किंवा दुकानाच्या भांडवलाचा एक रुपयाही सीलबंद डब्यात घालू नये. ज्याला हौस आहे त्याने उघडी, चालवून पाहता येणारी कॅसेट आपल्या खर्चाच्या पैशातून घ्यावी. ज्याला धंदा करायचा आहे त्याने आधी दोन वर्षे दुरुस्ती शिकावी आणि नंतरच खरेदीला हात घालावा.

जकातीविषयीही प्रश्न येतो. जो माल विकण्याच्या इराद्याने घेतला तो तिजारतीचा माल होय. वर्ष पूर्ण झाल्यावर, निसाब भरत असल्यास, खरेदीच्या नव्हे तर त्या दिवसाच्या बाजारभावाने त्याचा अडीच टक्के हिशेब धरावा लागतो. स्वतःच्या हौसेसाठी ठेवलेल्या वस्तूंवर, विक्रीचा इरादा नसल्यास, तो लागू होत नाही. इरादा मध्येच बदलला असेल, किंवा भाव ठरवणे कठीण जात असेल, तर मालाची यादी घेऊन आपल्या गावच्या आलिमांना भेटावे. यादीत वस्तूचे नाव, खरेदीची तारीख, दिलेली रक्कम आणि त्याच प्रकारच्या वस्तूला अलीकडे प्रत्यक्ष विक्रीत मिळालेला भाव लिहावा. विक्रेत्यांनी नुसता मागितलेला भाव धरू नये.